सरदार घराण्याची वही

आमच्याकडे कुठलंही लग्न असो, जेवणं उरकली की धाकटे काका सुरू होतात: आपण मूळचे सरदार. घोडी होती, इनाम होतं, तलवार कुणीतरी विकून खाल्ली. पुरावा विचारू नये.

थोरल्या काकांच्या अस्थी घेऊन पारनेरहून नाशिकला निघालो. संगमनेर, सिन्नर, मध्ये एक बेचव मिसळ, बास. पंचवटीत गाडी लावतोय तोच खिडकीत तोंडं. "गाव कुठलं? आडनाव?" रामकुंडावरच्या या घेरावाचा मला भयंकर वैताग येतो. पण कुठलं गाव कुठल्या उपाध्यांचं, हे पिढ्यान्‌पिढ्या वाटून गेलेलं असल्यामुळे त्या दोन प्रश्नांशिवाय इथे पान हलत नाही.

विधी झाल्यावर गुरुजींनी कापडाचं बासन सोडलं. आत लांबुळकी वही, आधी गाव, मग कूळ. मोडीतल्या ओळीखालून बोट सरकवत ते भराभर वाचत होते, जणू किराणा यादी. शके 1787: खापरपणजोबांचे वडील येऊन गेलेले, मुलगे चार. पुढची नोंद शके 1800, म्हणजे 1878. खापरपणजोबा एकटे. सोबत आई आणि दोन भावांच्या अस्थी. "पुढे वाचू?" गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, थांबा जरा.

1876 ते 78 चा दुष्काळ मला माहीत होता. दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकाम दुष्काळी मजुरांनी केलं, हेही वाचलेलं. आमच्या घरातली माणसं त्यात गेली असतील, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. घरात कुणी बोललंच नाही. चौथ्या भावाचं काय झालं, ते वहीतही नाही.

नोंदीच्या शेवटी सही नाही. शाईनं काढलेला बोटभर नांगर, इसाड जरा वाकडं, फाळाशी शाई फुटलेली. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगरच काढायचा. मी बराच वेळ तिथेच अडकलो. मागे पुढचे यजमान ताटकळत होते, त्यांनी खाकरून दाखवलं.

मग आजची नोंद. माझ्या दोन्ही मुलींची नावं घालायला लावली. चुलतभावाला ते रुचलं नाही, न रुचो. दक्षिणेची घासाघीस झाली, तीही यथासांग.

रात्री धाकट्या काकांना फोटो पाठवला. लगेच फोन.

"मग? सरदारसुद्धा नांगर धरायचे त्या काळी!"