रकाना सात: एनएफएस 3 वरून 4 वर जातानाचा माझा अनुभव

नेटवर्क विभागाकडे डोमेन मागायच्या फॉर्मच्या सातव्या रकान्यात 'डोमेनची आवश्यकता (सविस्तर कारणासह)' असं छापलं होतं आणि खाली जागा होती दीड ओळीची. तेवढ्यात मला लिहायचं होतं की लॅबमधल्या 62 मशीनवर सगळ्या विद्यार्थ्यांच्या फायली एका रात्रीत 'नोबडी' नावाच्या इसमाच्या मालकीच्या झाल्या आहेत. फॉर्म पहिल्यांदा परत आला, 'कारण त्रोटक आहे' म्हणून. मग मी दोन पानी जोडपत्र लावलं. तर दुसऱ्यांदा परत आला, 'कारण रकान्यातच नमूद करावे' म्हणून.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी 'सविस्तर' हा शब्द कुठे दिसला की माझं डोकं फिरतं. पण ज्यांना हे काम पुढे करायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सांगतो, माझ्या मूर्खपणासकट.

मी पुण्यातल्या एका संस्थेत सिस्टिम सांभाळतो. विद्यार्थी कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचं घर, म्हणजे होम डिरेक्टरी, त्याला तिथे दिसते, कारण ती असते सर्व्हरवर आणि मशीनवर एनएफएसने (नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे नेटवर्कवरून फायली पुरवणारी व्यवस्था) माउंट होते, म्हणजे जोडली जाते. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये काढलेली ही व्यवस्था आमच्याकडे वर्षानुवर्षं आवृत्ती 3 वर चालली होती. सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्सचा. त्याचा आधार 30 जून 2024 ला संपला आणि नवा स्टोरेज बॉक्स आला. सुरक्षा तपासणीवाल्यांनीही लिहून दिलं होतं की पोर्टमॅपर (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर बसली आहे ते सांगणारी सेवा) बंद करा. म्हणून ठरलं, आता आवृत्ती 4.

आमच्या आधी ही खोली सांभाळणारे काका निवृत्त झालेत, पण फोन केला की आनंदाने बोलतात. त्यांनी आवृत्ती 2 चे दिवस काढलेले. तेव्हा फाइल 2 जीबीला पोचली की थांबायची, कारण फायलीतली जागा मोजायला 32 बिटच होते. एका वेळी जास्तीत जास्त 8 केबी जायचे, आणि प्रत्येक तुकडा डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय सर्व्हर 'झालं' म्हणायचा नाही. 1995 च्या आवृत्ती 3 ने 64 बिट आणले. शिवाय आधी भराभर पाठवा आणि शेवटी एकदाच 'कमिट' करून घ्या, अशी सोय केली. काका म्हणाले, "अरे, 2 वरून 3 वर गेलो तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. फक्त सगळे म्हणाले, आज मशीन जोरात आहेत." मला वाटलं, माझंही तसंच होईल. (गंमत म्हणजे आमच्या जुन्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेल्या फायलीत, 8192 चा (म्हणजे 8 केबीचा) तो आकडा परवापर्यंत तसाच होता. आवृत्ती 2 गेली, पण तिची मर्यादा आम्ही हौसेने पाळत होतो. तुमच्याकडेही बघा, आणि असेल तर काढून टाका. मशीन आणि सर्व्हर आपसांत ठरवतात ते आकडे बरे असतात.)

डेटाची नक्कल शनिवार-रविवारात झाली. फायरवॉलचा फॉर्म तर एका दिवसात मंजूर झाला, आणि मी थोडा फुशारलोच. आवृत्ती 3 ला पोर्टमॅपरचा 111, एनएफएसचा 2049, शिवाय माउंट, लॉक आणि स्टेटस या तिघांचे वेगवेगळे पोर्ट लागतात. ते तिघे दर वेळी नवीन जागी जाऊन बसतात, त्यामुळे हाताने बांधून ठेवावे लागतात. आवृत्ती 4 मध्ये माउंट आणि लॉक दोन्ही मूळ प्रोटोकॉलच्याच पोटात गेले. टीसीपी 2049, बस्स. पाच ओळींच्या जागी एक ओळ पाहून नेटवर्कच्या मॅडमसुद्धा म्हणाल्या, "असेच अर्ज देत जा ना सर." तेव्हा आमचे संबंध चांगले होते.

सोमवारी सकाळी सव्वानऊला पहिला विद्यार्थी आला. "सर, माझी की चालत नाहीये. पासवर्ड मागतोय." (की म्हणजे एसएसएचने दुसऱ्या मशीनवर पासवर्डशिवाय शिरायची किल्ली.) पाठोपाठ दुसरा आला. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम, त्याला त्याच्याच प्रोजेक्टमध्ये शिरू देईना, 'मालकी संशयास्पद' म्हणत होतं. मी एलएस ही फायलींची यादी मालकासकट दाखवणारी कमांड मारून पाहिलं तर सगळीकडे नोबडी, नोबडी, नोबडी.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला ते समजायला फार वेळ लागला. आवृत्ती 3 मध्ये फायलीचा मालक म्हणजे एक आकडा. सर्व्हर म्हणतो 5012, मशीन आपल्या यादीत 5012 कोण ते बघतं. आवृत्ती 4 मध्ये मालक म्हणजे 'नाव ॲट डोमेन' अशी अक्षरं. सर्व्हरने 'अमुक ॲट संस्थेचं डोमेन' असं पाठवलं आणि मशीनला आपलं डोमेन वेगळं वाटत असलं, तर ते म्हणतं, हा आपल्यातला नाही. मग त्याला नोबडी करून टाकतं. स्टोरेज बसवायला आलेल्या इंजिनिअरने त्यात संस्थेचं डोमेन भरलं होतं. लॅबच्या मशीनना डीएनएसचं (नेटवर्कवर नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचं) डोमेनच नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने 'लोकलडोमेन' धरलं होतं.

त्यात भर म्हणजे फायली उघडत होत्या, लिहिताही येत होत्या. आपण नेहमी वापरतो त्या साध्या सुरक्षेच्या प्रकारात परवानगी तपासली जाते ती विनंतीसोबत गेलेल्या आकड्यावरून, आणि तो आकडा बरोबरच होता. चुकत होतं ते फक्त दिसणारं नाव. पण एसएसएचसारखे संशयी प्रोग्राम घराचा मालक कोण दिसतो हेच बघतात. त्यामुळे निम्मे विद्यार्थी म्हणत होते सगळं ठीक आहे आणि निम्मे म्हणत होते सगळं बंद आहे. दोघंही खरं बोलत होते.

"चाचणी केली नव्हती का?" असं आमच्या प्रमुखांनी विचारलं. केली होती हो! पण एका नव्या लिनक्स सर्व्हरवर. नवे लिनक्स सर्व्हर या साध्या प्रकारात नावाच्या जागी नुसता आकडाच अक्षरांत लिहून पाठवतात, आणि ते नियमाला धरूनच आहे. त्यामुळे चाचणीत नोबडी आलाच नाही. म्हणून सांगतो, चाचणी करायची तर ज्याच्यावर जाणार आहात त्याच डब्यावर करा.

आता मूर्खपणा. त्याच सोमवारी दुपारी मला उपाय सापडला होता. 'आयडीमॅपडी डॉट कॉन्फ' या फायलीत डोमेनची एक ओळ असते, ती भरायची. मी तीन मशीनवर ती भरली, आयडीमॅपडी ही नाव आणि आकड्याची सांगड घालणारी सेवा बंद करून परत चालू केली, एलएस मारलं. नोबडी. परत केलं. नोबडी. दारात चार पोरं उभी, प्रमुखांचा फोन चालू. मी म्हटलं, या ओळीने काही होत नाही, याला खरंखुरं डीएनएस डोमेनच लागतं. ओळी काढून टाकल्या आणि डोमेन मागायला नेटवर्क विभागात गेलो.

तिथून पुढचे 19 दिवस असे. पहिले तीन दिवस फॉर्म कुठला ते ठरण्यात गेले, कारण 'नवीन डोमेन' आणि 'उपडोमेन' यांचे फॉर्म वेगळे, आणि मला हवं होतं ते यातलं नेमकं कुठलं यावर त्यांच्याच दोन टेबलांत एकमत नव्हतं. मग रकाना सातचे दोन फेरे. तिसऱ्या वेळी मी दीड ओळीत मुंगीच्या अक्षरांत कारण बसवलं, तर आवक विभागात म्हणाले, "वाचता येत नाही, टाइप करून आणा." टाइप करून नेलं तर विभागप्रमुखांची सही जुन्या प्रतीवर होती. विभागप्रमुख परिषदेला बाहेरगावी. ते आले, सही झाली, जावक क्रमांक पडला. मग कळलं की असे बदल फक्त गुरुवारच्या बैठकीत घेतात, आणि त्या गुरुवारी सुट्टी होती. पुढच्या गुरुवारी बैठक झाली. त्यात प्रश्न आला, "लॅबला वेगळं डोमेन कशाला, वेबसाइट काढायची आहे का?" मी बैठकीला नव्हतो, त्यामुळे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. विषय पुढे ढकलला.

या काळात मी रोज सकाळी येऊन विद्यार्थ्यांना पासवर्डने लॉगिन करायला सांगत होतो आणि गिटवाल्यांना 'ही डिरेक्टरी सुरक्षित आहे असं गिटला सांगा' हे शिकवत होतो. तिसऱ्या दिवसानंतर कुणी मला 'सर' म्हणण्याआधी 'नोबडी' म्हणतंय की काय असं वाटायला लागलं. बरं, परत आवृत्ती 3 लावावी तर पोर्टमॅपरवर तपासणीवाल्यांचा शेरा. त्याचा खुलासा वेगळ्या फॉर्मवर.

एकोणिसाव्या दिवशी एक मुलगी सहज म्हणाली, "सर, मी 23 वर बसते. तिथे माझी की चालते."

23 नंबरचं मशीन कोपऱ्यात आहे. वरून एसीचं पाणी गळतं, म्हणून तिथे कुणी बसत नाही. जाऊन पाहिलं, तर सगळ्यांची नावं ठळठळीत दिसत होती. फाइल उघडली. डोमेनची ओळ तिथे होती. तीन मशीनपैकी दोन मशीनवरून मी ती काढली होती, तिसऱ्यावरून काढायची राहिली होती.

झालं होतं असं. आताच्या मशीनवर हे नाव-आकड्याचं काम ती सेवा करतच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, गरज पडेल तेव्हा 'एनएफएसआयडीमॅप' नावाचा छोटा प्रोग्राम बोलावतो आणि त्याचं उत्तर कीरिंग नावाच्या आपल्या साठवणीत जपून ठेवतो. नेहमीची मुदत 600 सेकंद. म्हणजे मी सेवा कितीही वेळा उलटसुलट केली असती तरी फरक पडला नसता. एक तर 'एनएफएसआयडीमॅप डॅश सी' ही कमांड देऊन जपलेली उत्तरं पुसायची, नाही तर दहा मिनिटं गप्प बसायचं. मी दहा मिनिटं थांबलो नाही, म्हणून 19 दिवस थांबलो. आणि त्या ओळीतलं डोमेन डीएनएसमध्ये असायलाही लागत नाही. दोन्हीकडे तेच नाव असलं की पुरे.

दुपारी 62 मशीनवर ती ओळ गेली, साठवण पुसली, नोबडी संपला. त्यानंतर मी काय केलं असेल? चहा प्यायलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. प्रमुखांनी "डोमेन मिळालं वाटतं" असं म्हटलं, तेव्हा मी मान हलवली. डोमेन मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर आलं. मॅडमनी विचारलं, "आता चालतंय ना सर?" म्हटलं, एकदम.

मागाहून आठवलेल्या काही गोष्टी.

'शोमाउंट' या कमांडवर आता विसंबू नका. ती जुन्या माउंट सेवेला विचारते. फक्त 2049 उघडा असेल तर ती लटकते आणि वाटतं सर्व्हर मेला. आमच्याकडे एकाने त्यावरून रात्री अकराला मला फोन केला होता.

एफएसटॅबमध्ये 4.0 नका लिहू, 4.1 लिहा. 4.0 मध्ये सर्व्हरला काही सांगायचं असलं की तो उलट मशीनकडे नवीन जोडणी करायला जातो, आणि तिथे फायरवॉल आडवी येते. 2010 च्या 4.1 मध्ये ते बोलणं मशीननेच केलेल्या जोडणीवरून परत जातं. खरोखर कुठली आवृत्ती लागली आहे ते 'एनएफएसस्टॅट डॅश एम' दाखवतं. तेही बघा, कारण आपण लिहितो एक आणि लागतं दुसरंच.

सगळी मशीन एकाच प्रतिमेवरून क्लोन केली असतील तर आधी त्यांची नावं वेगळी करा! आवृत्ती 3 चा सर्व्हर कोण काय उघडून बसलंय हे लक्षातच ठेवत नव्हता. 4 मध्ये ठेवतो, आणि लिनक्स मशीन स्वतःची ओळख होस्टनेमवरून देतं. एकाच नावाची दोन मशीन आली की सर्व्हरला वाटतं तेच मशीन परत चालू झालं, आणि तो पहिल्याची कुलुपं, म्हणजे फायलींवरची लॉक, सोडून देतो. आमच्या मागच्या ओळीतल्या चार मशीनवर असं झालं. ओळख वेगळी द्यायला कर्नलमध्ये एक पॅरामीटरही आहे. त्यात मशीन-आयडी घालणार असाल तर क्लोनमध्ये तोही सारखाच येतो, हे ध्यानात असू द्या.

16 गटांची मर्यादा (एका वापरकर्त्याचे 16 च गट विनंतीसोबत जातात, ती) आवृत्ती 4 ने सुटते असं मला कुणी तरी सांगितलं होतं. नाही सुटत. ती सुरक्षेच्या प्रकाराची मर्यादा आहे, आवृत्तीची नाही. केर्बरॉस (तिकिटावरून ओळख पटवणारी सुरक्षा) लावा किंवा गट सर्व्हरलाच शोधायला लावा.

आमचं एक मशीन मात्र अजून 3 वरच आहे. ते सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं आहे, त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला हात लावायची कुणाची हिंमत नाही. त्याच्यापुरते जुने पाचही पोर्ट चालू ठेवलेत. त्या परवानगीचं नूतनीकरण दर मार्चमध्ये करावं लागतं, आणि त्या फॉर्मलाही रकाना सात आहेच.