परवानगी होती का?

फाईल २०११ची, एका पायवाटेच्या अर्जाची. माझ्या टेबलावर आली २०२३च्या नोव्हेंबरात. इंग्लंडमधल्या एका कौंटी कौन्सिलात सार्वजनिक पायवाटांच्या नोंदी बघणं ही माझी नोकरी. आजोबा तलाठी होते, त्यामुळे वहिवाटीची भांडणं तुमच्या रक्तातच आहेत, असं बायको म्हणते.

१९४९च्या कायद्यानुसार इथे वाटांचे अधिकृत नकाशे झाले. पॅरिशवाल्यांनी, म्हणजे गावपातळीच्या पंचायतींनी, वाटा चालून कार्डं भरायची होती. काहींनी मनापासून भरली, काहींनी शेकोटीशी बसून भरली असावीत. तेव्हा राहिलेली वाट नकाशावर चढवायला १९८१च्या कायद्याखाली कुणीही अर्ज करू शकतो. वीस वर्षांची वहिवाट दाखवायची: दांडगाईने नाही, चोरून नाही आणि परवानगीनेही नाही. हे शेवटचं लोकांच्या गळी उतरत नाही. सभ्यपणे विचारून गेलात तर मोजायचं नाही, न विचारता गेलात तर मोजायचं!

आमची वाट चर्चपासून जुन्या गिरणीपर्यंत, शेताच्या कडेने, जेमतेम सहाशे मीटर. २०१०मध्ये शेत विकलं गेलं आणि नव्या मालकाने फाटकाला कुलूप घातलं. म्हणजे मोजायची वर्षं १९९० ते २०१०. गावातल्या सतरा जणांनी वहिवाटीचे फॉर्म भरले.

मालकाला नोटीस दिल्याचा दाखला आला की कौन्सिलने बारा महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. आम्हाला बारा वर्षं लागली. विभागात तीन माणसं. त्यात जुन्या कागदांवरच्या वाटांसाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरली होती, त्यामुळे अर्जांचा पूर. ती तारीख पुढे रद्द करू म्हणाले, मग २०३१ म्हणाले, २०२४च्या डिसेंबरात पुन्हा रद्द करू म्हणाले. मंत्री घोषणा करतात, गठ्ठे आम्ही उचलतो. आपल्याकडे १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्यात वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. आजोबांना हे बारा वर्षांचं प्रकरण सांगितलं असतं तर हसले असते.

असो. मी कामाला लागलो. लंडनमधल्या क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन १९१०च्या जमीनमूल्यांकनाची वही काढली. शेतातून सार्वजनिक वाट असेल तर तेव्हा मूल्यांकनात सूट मिळायची, म्हणून त्यासाठी रकाना असायचा. आमच्या शेतापुढे तो कोरा. म्हणजे सगळी भिस्त सतरा फॉर्मवर. चौकटीच्या कागदावर प्रत्येकाची पट्टी आखली, कोण कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत चाललं. हे काम मला मनापासून आवडतं. दोघे त्याच शेतावर मजूर होते, ते बाद. एकाने नकाशावर रेघ कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने ओढलेली, तोही बाद. उरलेल्यांत १९९० ते ९३ ही वर्षं सांगणारी एकच बाई होती. शाळेत स्वयंपाक करायची, रोज सकाळी कुत्र्याला घेऊन तिथून जायची.

'तुम्हाला कधी परवानगी दिली होती का?' या प्रश्नापुढे तिने 'हो'वर खूण केलेली. खाली निळ्या शाईत, 'शेतकऱ्याने एकदा हात केला, म्हणाला, जा की. बहुधा ९१ साल.'

मालकाने खपवून घेणं म्हणजे परवानगी नव्हे, हे २००३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलंय. पण 'जा की' म्हणजे काय? ओळखीच्या बाईला केलेला रामराम, की अनुमती? तिला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. फोन केला, तो मुलीने उचलला. आई २०१७मध्ये गेली. शेतकरी त्याच्याही आधी.

फॉर्मला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तारीख मार्च २०१३, अक्षर माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचं: 'हिची मुलाखत घ्यावी.'

विरोधकांची पत्रं चार-चार पानी. चोऱ्या होतील, कुत्री घाण करतील, घरांचे भाव पडतील. समर्थकांना नदीचं दृश्य फार आवडतं. वाटेचा हक्क आहे की नाही हे ठरवताना यातली एकही ओळ चालत नाही, हे दोन्हीकडच्यांना सांगून मी थकलो. आमचा वकील म्हणाला, "बाईंचा फॉर्म वगळ, भानगड नको." वगळला तर पहिली तीन वर्षंच गळतात, हे त्याने तक्ता न बघताच म्हटलं होतं.

मी फॉर्म ठेवला. हात करणं म्हणजे खपवून घेणं, असं अहवालात लिहिलं. 'वाट असल्याचं वाजवीपणे म्हणता येतं' एवढी पायरी आदेश काढायला पुरते, म्हणून वाट नकाशावर चढवण्याचा आदेश निघाला. हरकतींची मुदत बेचाळीस दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी मालकाची हरकत आली. सोबत बाईंच्या फॉर्मची छायाप्रत, 'हो'भोवती लाल गोल.

आता सरकारी इन्स्पेक्टर चौकशी घेऊन ठरवेल. कागद पाठवताना वकिलाने विचारलं, "ती पिवळी चिठ्ठी काढायची का?" मूळ फॉर्मवर होती तशीच ठेवून मी गठ्ठा बांधला.