लातूरच्या क्षितिजाखालचा हायड्रोजन

लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मॅगेलनच्या दोन मेघांपैकी, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन बटू (छोट्या) दीर्घिकांपैकी, मोठा मेघ इथून क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो आणि धुरळ्यात हरवतो. लहान मेघ तर उगवतच नाही. तरीही एकमेकींना ओढणाऱ्या बटू दीर्घिकांविषयी लिहायचे, तर सुरुवात याच जोडीपासून करावी असे मला वाटते. मोठा मेघ आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे, लहान सुमारे २ लाखांवर.

छायाचित्रांत हे दोन मेघ परस्परांपासून सुटे दिसतात. त्यांचे नाते उघड होते ते उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, हायड्रोजनमुळे. या अणूतील इलेक्ट्रॉनच्या फिरकीची दिशा प्रोटॉनच्या तुलनेत उलटली, की २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओ लहर बाहेर पडते. एखाद्या अणूत हे आपोआप घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात, पण अणूच इतके असंख्य आहेत की संकेत अखंड मिळत राहतो. डच खगोलशास्त्रज्ञ व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये वर्तवलेली ही लहर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ युएन आणि पर्सेल यांना १९५१ मध्ये सापडली. पुढे १९६३ मध्ये दोन्ही मेघांना जोडणारा वायूचा पूल लक्षात आला, आणि त्यांच्यामागे आकाशात शंभराहून अधिक अंश पसरलेला प्रवाह याच मेघांशी निगडित असल्याचे १९७४ मध्ये स्पष्ट झाले.

बटू दीर्घिकेतील हायड्रोजन बहुधा ताऱ्यांच्या बराच पलीकडे पसरलेला असतो आणि तिथे तिच्या गुरुत्वाकर्षणाची पकड सैल असते. म्हणून दुसरी दीर्घिका जवळून गेली की तारे फारसे हलण्याआधीच बाहेरचा वायू ओढला जातो. मात्र ओढला गेलेला वायू गमावलाच असे धरून चालणे मला घाईचे वाटते. जवळपास मोठी दीर्घिका नसेल, तर त्यातला बराचसा वायू त्या जोडीच्याच ताब्यात राहतो, पुन्हा आत पडू शकतो आणि नव्या ताऱ्यांना कच्चा माल पुरवतो. मॅगेलन मेघांची अडचण ही की शेजारी आपली आकाशगंगा आहे, आणि तिचे गुरुत्वाकर्षण व तिच्या भोवतीचा तप्त वायू सुटलेल्या हायड्रोजनला सहजी परतू देत नाहीत.

आमच्याकडे खगोलशास्त्राचा विषय निघाला की बोलणे लगेच औंढा नागनाथच्या लायगोकडे, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या नियोजित वेधशाळेकडे, वळते, ते साहजिकच आहे. पण हायड्रोजनसाठी पाहावे लागते नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनाही हे मेघ फार दक्षिणेला पडतात. इतर बटू जोड्यांसाठी मात्र ती रचना सोयीची आहे, कारण मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीने उभ्या असलेल्या १४ अँटेना विरळ, पसरट वायू टिपतात आणि दूरवरच्या अँटेना बारकावे दाखवतात.

प्रवाहातला वायू मुळात कोणत्या मेघाचा, हे रेडिओ नकाशावरून नेमके ठरत नव्हते. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीच्या वर्णपटांतून त्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले गेले, तेव्हा बराचसा प्रवाह लहान मेघाशी जुळला, तर एक धागा मोठ्या मेघाचा निघाला.