भावाला अकॅडमीतनं काढायची नोटीस आली तेव्हा – माझा अनुभव

माझा धाकटा भाऊ सीडीएस, म्हणजे फौजेत ऑफिसर व्हायची परीक्षा देऊन आर्मीच्या एका अकॅडमीत लागला. लागल्यावर कोल्हापुरात जे जे होतं ते सगळं झालं, चौकात डिजिटल बोर्ड, फेटा, तालमीतल्या पोरांनी काढलेली मिरवणूक. आणि मग एक दिवस घरी पाकीट आलं, की वारंवार शिस्तभंग केल्यामुळं आपल्या मुलाला अकॅडमीतनं का काढू नये अशी कारणे दाखवा नोटीस त्याला दिलेली आहे, पालकांना माहितीसाठी प्रत. अकॅडमी कुठली ते सांगत नाही, विचारू नका.

मी कसबा बावड्याला कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग, ड्राफ्टिंग करते. दिवसभर नोटिसा आणि त्यांची उत्तरं हेच काम. तरी ही नोटीस मला पहिल्यांदा वाचून कळलीच नाही, कारण मी काहीतरी मोठं शोधत होते, चोरी, मारामारी, दारू असलं, आणि तसलं त्यात एक पण नव्हतं. सोबत एक तक्ता होता, तारीख, काय केलं, काय शिक्षा झाली, कुणाची सही. आऊटपासवरनं, म्हणजे बाहेर जायच्या सुट्टीवरनं उशिरा आला, रिस्ट्रिक्शन, म्हणजे बाहेर जायचं बंद. रूम इन्स्पेक्शनला कपाट अस्ताव्यस्त, एक्स्ट्रा ड्रिल. क्लासमध्ये झोपला. परवानगी नसताना मोबाईल सापडला. परत मोबाईल. इन्स्ट्रक्टरला उलट बोलला. मधे मधे लेखी वॉर्निंग. आणि अगदी शेवटी, मोबाईल सापडल्यावर 'माझा नाही' असं खोटं सांगितलं.

आई म्हणाली, "एवढ्या तेवढ्याला काढतात व्हय पोराला?" बाबा काही बोलले नाहीत, चष्मा लावला आणि डायरीत आमदारांच्या पीएचा नंबर शोधायला लागले. आमच्याकडं कुठल्याही कामाची सुरवात अशीच होते.

ते थांबवलं आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांनी. काका मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत, बेळगावच्या सेंटरला रिक्रूट म्हणून घासलेले. तसा आपला जिल्हाच फौजींचा, शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी असं गावाचंच नाव आहे, पण यातले बहुतेक जण जवान म्हणून भरती झालेले, ऑफिसर अकॅडमीतलं सांगणारा माणूस पटकन सापडत नाही. काकांची शेवटची काही वर्षं एका ट्रेनिंग सेंटरच्या ऑफिसात गेलेली म्हणून त्यांना माहिती. ते बाबांना म्हणाले, "आमदाराचा फोन गेला तर पोराच्या तक्त्यात अजून एक ओळ वाढंल, दुसरं काय होणार नाही." मग तक्ता हातात घेऊन मला म्हणाले, शेवटची ओळ बघू नकोस, वॉर्निंगच्या ओळी बघ. सुटी सुटी शिक्षा प्रत्येक कॅडेटला होत असते, रिस्ट्रिक्शन न लागलेला कॅडेट दाखवा म्हणावं, त्यानं कुणाला काढत नाहीत. पण लेखी वॉर्निंगनंतर परत तेच झालं की मग ते एकेक चूक बघायची सोडून फाइल बघतात, हा माणूस पुढं तीस-चाळीस जवानांची प्लॅटून सांभाळणार का एवढंच. त्यांनीच सांगितलं की यातनं दोन वाटा निघू शकतात. एक विड्रॉल, म्हणजे घरी. दुसरी रेलिगेशन, म्हणजे एक टर्म मागं, ज्युनियर बॅचबरोबर परत तेच सगळं. आपल्याला लढायचं ते दुसऱ्या वाटेसाठी, निर्दोष सुटायची वाट यात नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि आईला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस आमच्या सरांना दाखवली. आईचा एकच घोष होता की कोर्ट मार्शल होणार का. सर म्हणाले, कमिशन मिळेपर्यंत कॅडेट ऑफिसर नसतो, भरती झालेला जवान पण नसतो, 1950 च्या आर्मी ॲक्टखाली कोर्ट मार्शल व्हायचा इथं विषयच नाही, ही प्रशासकीय कारवाई आहे. मग बाबांनी विचारलं, आता हायकोर्ट आपल्या दारात आलंय तर टाकूया की केस. त्यांचं पण बरोबर होतं म्हणा, एवढी वर्षं आंदोलनं करून 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, ते पण सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात, घरापासनं चालत जायच्या अंतरावर, त्यामुळं गल्लीत सध्या कुणाचं कशावरनं पण बिनसलं की 'रिट टाकतो' म्हणतात. सरांनी समजावलं. घटनेच्या कलम 226 खाली रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्ध थेट हायकोर्टात अर्ज, करता येतं, पण अजून निर्णयच झालेला नाही, नुसत्या कारणे दाखवा नोटिशीवर कोर्ट सहसा हात घालत नाही. शिवाय अकॅडमी दुसऱ्या राज्यात, कुठल्या हायकोर्टात जायचं हाच पहिला वाद. आणि गेलो तरी कोर्ट प्रामुख्यानं बघणार की मुलाला बाजू मांडायची संधी दिली का, निर्णय नियमाला धरून झाला का. शिस्तीत किती मार्क द्यायचे ते कोर्ट ठरवत नसतं. म्हणजे जे काय आहे ते खुलाशात.

आता खुलासा हा माझा रोजचा धंदा. मी संध्याकाळी बसून आमचा नेहमीचा फॉरमॅट काढला, त्याची सुरवात अशी असते की 'नोटिशीतील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा असून तो आम्हांस मान्य व कबूल नाही', आणि पुढं परिच्छेदवार नकार. दिवाणी दाव्यात हेच करायचं असतं, जे नाकारलं नाही ते कबूल धरतात. तेच इंग्रजीत करून सरांना दाखवलं. सरांनी पहिलं वाक्य वाचलं आणि कागद परत दिला. "पोरावर शेवटचा आरोप काय आहे? खोटं बोलला. आणि तू त्याच्या सहीनं काय पाठवणार? हे सगळं खोटं आहे म्हणून. हे गेलं की त्याची बॅग भरायला सांग."

माझ्या मते सगळी गोम इथंच होती आणि नोटीस आलेल्या बहुतेक घरांत इथंच घोळ होत असणार, कारण वकील कोर्टासारखं लिहितो आणि पालक दयेचा अर्ज लिहितात. बाबांनी पण एक परिच्छेद तयारच ठेवला होता, मी एसटीतनं रिटायर झालेला सामान्य माणूस, आईला बीपी, घरची सगळी भिस्त मुलावर. तो मी टाइप केला, सरांनी त्यावर लांब तिरकी रेघ मारली. बाबा दोन दिवस ऑफिसकडं फिरकले नाहीत.

मग रविवारी भावाला फोन वापरायची वेळ असायची तेव्हा एकेक ओळ घेऊन बसलो. जे झालंय ते झालंय असं लिहायचं, शिक्षा कधी पूर्ण केली ती तारीख घालायची, पुढची ओळ. स्पष्टीकरणाचं शेपूट नको. आणि जिथं तक्ताच चुकलाय तिथं मात्र सोडायचं नाही. असं बसल्यावरच दोन गोष्टी सापडल्या ज्या आधी कुणाच्याच लक्षात आल्या नव्हत्या. 'मोबाईल' आणि 'परत मोबाईल' या दोन ओळींत एका दिवसाचाच फरक होता. प्रकार एकच, रात्रीच्या इन्स्पेक्शनला सापडला म्हणून एका रजिस्टरला चढला, दुसऱ्या दिवशी प्लॅटून कमांडरपुढं उभं केलं म्हणून दुसऱ्या रजिस्टरला चढला, शिक्षा मात्र एकदाच झालेली. आणि क्लासमध्ये झोपल्याची जी तारीख होती त्याच्या आदल्या रात्री तो ताप आला म्हणून एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात गेलेला, गोळ्या दिलेल्या, रजिस्टरला नोंद. मी विचारलं हे तेव्हाच का नाही सांगितलंस. म्हणाला, "तिथं कारण सांगितलं की डबल मिळतं गं." आम्ही दोन्हीचं एवढंच लिहिलं की कृपया अमुक तारखेची रजिस्टरं पडताळून बघावीत.

अडलं ते शेवटच्या ओळीवर. तो लिहायलाच तयार होईना.

"ताई, ते मी माझ्या हातानं लिहिलं की संपलं."

"अरे त्यांनी लिहिलंयच की ते. तू वेगळं काय लिहिणार हायस?"

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं कुणीतरी मोठ्यानं शिट्टी मारत होतं. शेवटी त्यानंच सांगितलं तसं दोन वाक्यांत लिहिलं. फोन माझा होता. विचारल्यावर मी नाही म्हणालो आणि अर्ध्या तासानं जाऊन कबूल केलं. हा अर्धा तास तक्त्यात कुठंच नव्हता, त्यानं आम्हाला पण सांगितला नव्हता. पूर्ण खुलासा दीड पानात बसला. माझ्या ड्राफ्टिंगच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा, आणि फायनल त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, ते काकांनी बजावलेलं.

दरम्यान घरात बाँड सापडला. भरतीच्या वेळी बाबांनी सही केलेला, कुणी वाचला नव्हता. उमेदवाराच्या हातात असलेल्या कारणामुळं ट्रेनिंग अर्धवट राहिलं तर ट्रेनिंगचा खर्च परत द्यायचा, असं त्यात. महिन्याला 56,100 स्टायपेंड मिळतो हे अख्ख्या पै-पाहुण्यांना पाठ होतं, ही ओळ कुणालाच माहीत नाही. नोटीस बिटीस न येता पण घरोघरी हा कागद एकदा काढून वाचावा असं माझं मत आहे.

पुढं बाबांना आणि मला कंपनी कमांडरनी वेळ दिली. गेलो. अकॅडमी, लॉन, तोफा वगैरे सगळे सांगतात म्हणून सांगत नाही. साहेब दहा-पंधरा मिनिटं नीट बोलले, आवाज चढवला नाही. तक्त्यावर काहीच विचारलं नाही त्यांनी. बाबांना म्हणाले, इथं यायचं कुणाच्या मनात होतं, त्याच्या का तुमच्या? बाबांनी हिंदीत सुरवात केली, मग मराठीवर आले, साहेबांना मराठी येत नव्हतं, मी मधे बोलायला गेले तर साहेबांनी हातानं थांबवलं. बाबा म्हणाले, "बोर्ड मी लावला साहेब, परीक्षा त्यानं दिली." ते मग मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

भावाचा मार्च-अप, म्हणजे पेशी, नंतर झाला, अकॅडमीच्या प्रमुखांपुढं, कमांडंटपुढं. तो सांगतो की आत जाऊन सावधान उभं राहायचं, खुलाशातला हा मजकूर तुझाच का विचारतात, अजून काही सांगायचंय का विचारतात. त्याला मधेच अर्धा तास कशात गेला असं विचारलं. म्हणाला, घाबरून बाथरूमात बसलो होतो सर.

निर्णय आला रेलिगेशनचा, एक टर्म मागं. मोबाईलची एक नोंद रद्द झाली, झोपेची तशीच राहिली, का ते कळलं नाही. त्याच्या बॅचची पीओपी, म्हणजे पासिंग आऊट परेड झाली, मित्रांच्या खांद्यावर स्टार लागले, हा त्या दिवशी ज्युनियर पोरांबरोबर ड्यूटीवर. ती सीनियॉरिटी गेली ती गेली, आयुष्यभर बॅचमेट पुढं राहणार. गल्लीत पीओपी कधी म्हणून विचारणाऱ्यांना आई 'तारीख पुढं गेली' म्हणायची, कोरोना नाही काही नाही तरी लोक मान डोलवायचे.

ऑर्डरमध्ये लिहिलंय की यापुढं गंभीर नोंद झाली तर परत संधी मिळणार नाही. नवीन टर्म निम्मी झाली, अजून काही नाही. ऑर्डर, खुलाशाची प्रत आणि बाँड एका फाइलीत घालून सरांच्या कपाटात ठेवलंय, घरात ठेवलं की बाबा रोज काढून वाचत बसतात.