आधी वायरीचं टोक बघा

"घरी सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, त्यांना कुठला रेकॉर्डर (चित्र साठवणारा डबा) चालेल?" हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. विचारणारा बहुतेक वेळा रेकॉर्डरचा फोटो पाठवतो. कॅमेऱ्यांबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "पांढरे आहेत, गोल." रेकॉर्डर शोधायला लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कॅमेऱ्याच्या मागून निघालेली वायर बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

वायरीच्या टोकाला पिळून बसणारी, धातूची गोल बीएनसी पिन असेल आणि विजेसाठी वेगळी वायर असेल, तर कॅमेरा अ‍ॅनालॉग घराण्यातला. त्याला डीव्हीआर नावाचा रेकॉर्डर लागतो. टोकाला इंटरनेटच्या राउटरला लावतो तशी चौकोनी पारदर्शक पिन असेल तर तो आयपी, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारा कॅमेरा, त्याला एनव्हीआर नावाचा रेकॉर्डर हवा. बोलताना सगळे दोन्हींना डीव्हीआरच म्हणतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. अ‍ॅनालॉग कॅमेरा नुसत्या एनव्हीआरला लागत नाही. उलट, बरेच नवे डीव्हीआर थोडेफार आयपी कॅमेरे सामावून घेतात. तेव्हा जुने कॅमेरे ठेवून हळूहळू नवे घ्यायचे असतील तर असा मिश्र रेकॉर्डर, ज्याला बरेचदा एक्सव्हीआर म्हणतात, तोच बरा.

पण पिन जुळली म्हणजे जमलं असं नाही. बीएनसीच्या एकाच पिनेतून एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय आणि जुनं सीव्हीबीएस अशा चार वेगवेगळ्या बोली, म्हणजे चित्र पाठवायच्या पद्धती, येतात. कॅमेरा टीव्हीआय बोलत असेल आणि रेकॉर्डरला फक्त एएचडी समजत असेल, तर पडदा काळा राहतो, नाहीतर चित्र काळंपांढरं होऊन वरखाली घरंगळतं. मग लोक कॅमेरा जळाला समजून फेकून देतात! कित्येक कॅमेऱ्यांत ही बोली बदलता येते, वायरीवरचं छोटं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं किंवा मेनूतून बदलायची असते. शिवाय रेकॉर्डर किती मेगापिक्सेलपर्यंतचं चित्र घेतो तेही बघावं. दोन मेगापिक्सेलपर्यंतच्या रेकॉर्डरला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तर चित्र चांगलं येण्याऐवजी येतच नाही.

बिनवायरीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते एरवी झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात. रेकॉर्डरला मात्र अखंड चित्र लागतं. असे कॅमेरे बहुतेक करून आपल्या कंपनीच्या अ‍ॅपपुरतेच असतात, त्यांच्यासाठी रेकॉर्डर शोधण्यात वेळ घालवू नका.

आता आयपी कॅमेरे. इथे "चालतो" हा शब्दच फसवा आहे. खोक्यावर ऑनव्हिफ लिहिलेलं असतं. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही सामायिक भाषा. एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरशी बोलू शकावा, हा तिचा हेतू, आणि बऱ्याच अंशी तो साधलाही आहे. पण तिच्यात प्रोफाइल असतात, म्हणजे यंत्राला कोणकोणती कामं जमतात याचे ठरलेले संच. प्रोफाइल एस म्हणजे साधं चित्र पाठवणं. प्रोफाइल टी त्यानंतरचं, त्यात एच.२६५ (चित्र दाबून कमी जागेत बसवायची पद्धत) सुद्धा येतं. खोक्यावर नुसतं ऑनव्हिफ लिहिलंय आणि प्रोफाइलचा पत्ता नाही, तर मला शंका येते. ऑनव्हिफच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून शोधता येतं. दहा मिनिटांचं काम आहे, तेवढं कराच.

आणि ऑनव्हिफने जुळलं तरी काय जुळलं हे विचारायचं. चित्र दिसेल, रेकॉर्ड होईल. पण माणूस आणि मांजर यांत फरक करणारी कॅमेऱ्यातली हुशारी, कॅमेऱ्यातून समोरच्याशी बोलण्याची सोय, हे परक्या रेकॉर्डरपर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही. कॅमेऱ्याला जे दिसलं ते रेकॉर्डर नुसतं साठवत बसतो, आणि रात्री पान हललं तरी फोनवर सूचना. म्हणून सगळंच नवं घेणाऱ्याला मी सरळ सांगतो, कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच कंपनीचे घ्या. तुम्ही विचारताय ते कॅमेरे आधीच भिंतीवर आहेत म्हणून.

माझ्या स्वतःच्या घरी एका कॅमेऱ्याने मला अख्खी संध्याकाळ छळलं होतं. नवा रेकॉर्डर, जुना कॅमेरा, पासवर्ड बरोबर, तरी "पासवर्ड चुकीचा" हाच संदेश. मी तोच पासवर्ड इतक्या वेळा टाकला की शेवटी कॅमेऱ्याने मला काही काळ बाहेरच ठेवलं. कारण निघालं घड्याळ! वीज गेल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ १९७० सालात जाऊन बसलं होतं. ऑनव्हिफमध्ये ओळख पटवताना पासवर्डसोबत वेळही गुंफलेली असते, दोन्हीकडच्या वेळेत फार तफावत असेल तर कॅमेरा बरोबर पासवर्डही नाकारतो. वेळ लावली आणि चित्र आलं. तेव्हापासून दोन्ही यंत्रांना वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावतो. आणखी एक: कित्येक कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा वापरकर्ता वेगळा तयार करावा लागतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे आधी बघा, मग रेकॉर्डरला दोष द्या.

रेकॉर्डर आठ चॅनेलचा, म्हणजे आठ कॅमेऱ्यांचा आहे म्हणून आठही कॅमेरे पूर्ण दर्जाने लागतील असं धरू नका. एकूण किती माहिती आत घेता येते याची मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात मेगाबिटमध्ये दिलेली असते. ती सेकंदाला ४० मेगाबिट असेल आणि तुमचे आठ फोर-के कॅमेरे प्रत्येकी ८ पाठवत असतील, तर हिशोब ६४ वर जातो. मग एक तर दर्जा खाली आणा, नाहीतर शेवटचे तीन कॅमेरे ताटकळत राहतील.

साठवणुकीचा हिशोबही असाच हाताने होतो. सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी भरतो. असे चार कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुनं पुसलं जाऊ लागतं. महिनाभराचं हवं असेल तर ६ टीबी लागेल. पण त्या रेकॉर्डरला तेवढी डिस्क चालते का, हे आधी वाचा, त्याचीही कमाल मर्यादा असते. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, दिवसरात्र लिहीत राहायचं काम कॉम्प्युटरच्या साध्या डिस्कला झेपत नाही. एच.२६५ ने जागा बरीच वाचते, मात्र रेकॉर्डरलाही ते कळायला हवं. त्यापुढे अधिकचं चिन्ह लावलेले प्रकार त्या त्या कंपनीचे खासगी असतात. परक्या रेकॉर्डरवर चित्र अडखळत असेल तर आधी ते बंद करून बघा.

वायरीतूनच वीज घेणारे, म्हणजे पीओई कॅमेरे असतील, तर मी पीओई रेकॉर्डरपेक्षा साधा रेकॉर्डर आणि वेगळा पीओई स्विच (कॅमेऱ्यांना वीज देऊन नेटवर्कला जोडणारा डबा) सुचवतो. रेकॉर्डरच्या मागच्या पोर्टांना लावलेले कॅमेरे सहसा त्याच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये जातात आणि मग घड्याळासारखं काही बिघडलं की लॅपटॉपवरून थेट त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अर्थात डबे दोन होतात, हे मान्य. वायर मात्र कुठेही १०० मीटरच्या पुढे नेऊ नका.

"नातेवाइकाचा जुना रेकॉर्डर पडून आहे, तो लावू का?" हा जोडप्रश्न ठरलेला. लावून बघा, पण इंटरनेटला जोडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचाच पासवर्ड तसाच ठेवलेले असे हजारो रेकॉर्डर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळं पाडली होती. अपडेट येणं थांबलेल्या जुन्या डब्याला मी घरच्या नेटवर्कपासून चार हात लांबच ठेवतो.

तेव्हा पुढच्या वेळी विचारताना मला रेकॉर्डरचा फोटो नको. दोन फोटो पाठवा: एक वायरीच्या टोकाचा आणि एक कॅमेऱ्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा. त्यावरचा पासवर्ड किंवा क्यूआर कोड तेवढा बोटाने झाका.