मन म्हणजे मेंदूच का? तुम्ही विचारलंत म्हणून

बेळगावात तत्त्वज्ञान शिकवतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "सर, मन म्हणजे शेवटी मेंदूच ना?" बहुतेकदा विचारणाऱ्याच्या घरी कुणाला तरी पॅरालिसिसचा झटका आलेला असतो. म्हणून उत्तर उडवून लावायला जीव धजत नाही.

माझ्या खानापूरच्या आत्याला मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली आणि तिचं बोलणं गेलं. घरात मराठी, बाजारात कानडी, दोन्ही तोंडात बसलेल्या. आधी परतली ती मराठी. दारावर भाजीवाली कानडीत "ह्यांग अदीरी अक्का?" (कशा आहात, अक्का?) म्हणाली की आत्याला नीट कळायचं. ओठ जुळवायची, अडायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि उत्तर मराठीत निघायचं. बहुभाषक रुग्णांची रोजच्या वापरातली भाषा आधी परतते, असं पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी 1895 मध्येच मांडलं होतं. पुढे त्याला अपवादही पुष्कळ सापडले.

हे पाहिल्यावर मन मेंदूवाचून चालतं, असं मी म्हणूच शकत नाही. पण मेंदूवाचून चालत नाही म्हणजे ते मेंदूच आहे, असं होत नाही. तत्त्वज्ञ प्लेस यांनी 1956 मध्ये आणि तत्त्वज्ञ स्मार्ट यांनी 1959 मध्ये मात्र नेमकं तेच ठासून सांगितलं: आभाळातली वीज म्हणजे विद्युतभाराचं वहनच, तशी संवेदना म्हणजे मेंदूतली प्रक्रियाच. हा धीटपणा मला फार आवडतो. तरी अमेरिकी तत्त्वज्ञ पटनम यांचा 1967 मधला आक्षेप मला जास्त पटतो. ऑक्टोपसची मज्जासंस्था आपल्याहून पार निराळी, निम्म्याहून अधिक चेतापेशी भुजांत. त्यालाही दुखत असेल, तर दुखणं म्हणजे माणसाच्या मेंदूतली अमुक एक प्रक्रिया, हे कसं मानायचं?

"आपल्या शास्त्रात मन वेगळंच सांगितलंय," असं वडीलधारी म्हणतात. पण सांख्य या जुन्या भारतीय दर्शनानं मन प्रकृतीतच, म्हणजे जड तत्त्वातच धरलंय, शरीराच्याच बाजूला. वेगळा ठेवला तो चेतन पुरुष, म्हणजे निव्वळ जाणीव. खरी अडचण तिथेच आहे, जाणिवेपाशी. गुठळी कुठे आहे ते स्कॅनमध्ये दिसलं. कानडी शब्द ओठांवर येऊन अडतो तेव्हा आत्याला काय होत होतं, ते त्यात नव्हतं.

म्हणून माझं उत्तर: मेंदूवाचून मन नाही, पण दोन्ही एकच हे अजून सिद्ध व्हायचंय. आणि घरात असा पेशंट असेल तर त्याच्यादेखत "त्यांना काही कळत नाही" असं म्हणू नका. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, आणि मान हलेपर्यंत थांबा.