आमची वाटचाल : पत्र्याकडून थर्मोप्लास्टिककडे

ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर उभं राहिलेलं आमचं युनिट कार्बन-पीपीएसच्या क्लिपकडे वळलं ते वजनासाठी. कार्बन-पीपीएस म्हणजे कार्बन तंतूंचं कापड आणि त्यात पीपीएस हे थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणारं प्लास्टिक. ॲल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला 2.8 ग्रॅम, या लॅमिनेटची (थर एकत्र दाबून केलेल्या पत्र्याची) 1.6 च्या आसपास. वाट मोठ्यांनी आधीच पाडली होती : एअरबस ए380 च्या पंखाची पुढची धार ग्लास-पीपीएसची, गल्फस्ट्रीम जी650 विमानाच्या शेपटीतले रडर आणि एलिव्हेटर कार्बन-पीपीएसचे. इपॉक्सी प्रीप्रेगला (इपॉक्सी राळेत आधीच भिजवलेल्या कापडाला) उणे 18 अंशांचा फ्रीझर आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) कित्येक तास लागतात. पीपीएसचा माल मात्र साध्या रॅकवर राहतो आणि जॉब काही मिनिटांत निघतो. लहान युनिटला हे काम झेपतं ते त्यामुळेच.

सॅटिन विणीच्या कार्बन कापडाचे सहा थर म्हणजे साधारण 1.86 मिमीचा ब्लँक, म्हणजे आकार देण्याआधीचा सपाट तुकडा. पीपीएस 280 अंशांना वितळतं, म्हणून इन्फ्रारेड भट्टीत ब्लँक 310-320 पर्यंत न्यायचा आणि लगेच डायवर (साच्यावर) दाबायचा. खरी अडचण या 'लगेच'मध्ये आहे. तापला की ब्लँक पावासारखा फुगतो, कारण कापडात दाबून बसलेला ताण सुटतो आणि थर उघडतात. आत शिरलेली पोकळी डायचा दाबच घालवतो, तोही राळ (इथे पीपीएस) वितळलेली असेपर्यंतच. पातळ ब्लँकची उष्णता भराभर जाते. भट्टी ते डाय पाच सेकंदांवर गेलं की वरचा थर गोठू लागतो आणि कोपऱ्यात कोरडे, पांढुरके डाग उमटतात. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पृष्ठभागावर न लावता चाचणी ब्लँकच्या मधल्या थरात बसवायचं. वरून चकचकीत दिसणारा जॉबही अल्ट्रासोनिक स्कॅनमध्ये बाद होऊ शकतो.

डाय थंड ठेवली की प्रत्येक जॉबचा वेळ वाचतो, हा समज आम्हाला महागात पडला. थंड डायमध्ये पीपीएसचे स्फटिक नीट बनत नाहीत, आणि स्फटिक कमी म्हणजे उष्णतेला टिकाव कमी. आता डाय 180 च्या आसपास राखतो. शिवाय 90 चा कोन बाहेर येताना एक-दीड अंशाने मिटतो, कारण जाडीच्या दिशेने आकसणं तंतूंच्या दिशेपेक्षा जास्त असतं. तेवढी डाय मुळातच उघडी कापावी लागते. थरांची मांडणी बदलली की हा आकडा पुन्हा चाचणीने काढायचा.

ब्लँक स्प्रिंगवर धरतो. ताण कमी पडला तर सुरकुत्या. जास्त झाला तर तंतू आतल्या कोपऱ्यात न बसता पुलासारखे ताणले जातात.

पीक (PEEK) हे आणखी वरच्या तापमानाचं थर्मोप्लास्टिक आमचं पुढचं पाऊल. ते 343 ला वितळतं, ब्लँक 390 च्या घरात न्यावा लागतो. तिथे नेहमीचं सिलिकॉन चालत नाही, पॉलिइमाइड फिल्म लागते. ब्लँक आधी 120 अंशांवर काही तास वाळवतो, नाहीतर ओलाव्याचे बुडबुडे येतात.

सध्या इंडक्शन वेल्डिंगच्या चाचणी-पट्ट्या करतोय, म्हणजे कॉइलने कार्बनमध्ये वीजप्रवाह निर्माण करून त्याच्या उष्णतेने दोन भाग जोडायचे. कार्बनमधला प्रवाह कडेला वळतो, त्यामुळे मधला भाग वितळायच्या आत कड करपते. कॉइल कडेपासून किती आत ठेवायची, याच्या चाचण्या चालू आहेत.